किचन चिमणीची सफाई : जाळी धुण्यापलीकडचे काम

माहीममध्ये आमच्या घराजवळ मिक्सर, गिझर आणि किचन चिमणी दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. तेथील कारागिरांकडून आम्ही चिमणीची पूर्ण सफाई आणि तपासणी करून घेतली. काम इतके नीट झाले की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण ‘चिमणी साफ करून देतो’ असे सांगणारे सगळेच चिमणी खरोखर उघडत नाहीत आणि ग्राहकालाही नेमके काय उघडायला हवे, याची कल्पना नसते.

याआधी आम्ही मोबाइलवरून सफाई सेवा मागवली होती. आलेल्या मुलाने स्टीलचे फिल्टर गरम पाण्यात पावडर टाकून भिजवले, वरची काच आणि बाहेरचा पत्रा फवारा मारून लख्ख पुसला आणि अर्ध्या तासात तो निघून गेला. चिमणी नव्यासारखी दिसत होती. पण बोंबील तळले की घरभर वास पूर्वीसारखाच पसरत होता आणि वेग वाढवल्यावर येणारी घरघर तशीच होती.

याचे कारण चिमणीच्या रचनेतच आहे. स्टीलच्या या बॅफल फिल्टरच्या वळणदार पट्ट्यांमधून हवा जाताना तिला एकदम दिशा बदलावी लागते, तेव्हा तेलाचे जड थेंब पट्ट्यांवर आदळून खालच्या वाटीत उतरतात. मात्र बारीक वाफ पुढे निघून जाते आणि ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर व पाइपच्या आतल्या बाजूला चिकटते. पात्यांवर हे किटण सगळीकडे सारखे बसत नाही, त्यामुळे पंख्याचा तोल जातो, थरथर सुरू होते, बेअरिंग झिजतात आणि मोटर फिरत असूनही ओढ कमी होते. फिल्टर कितीही घासला तरी यातले काहीच सुधारत नाही.

दुकानातून आलेल्या दोन कारागिरांनी प्रथम ओटा आणि शेगडी प्लास्टिकने झाकली, गॅसचा कॉक बंद केला आणि प्लग काढून ठेवला. पुढचे झाकण उघडल्यावर वायरींच्या जोडणीचे त्यांनी मोबाइलवर छायाचित्र घेतले, म्हणजे परत जोडताना अंदाजाने काही करावे लागू नये. ब्लोअर बाहेर काढताना धाकट्याने नट नेहमीच्या दिशेने फिरवायला घेतले, तेव्हा थोरल्याने त्याला लगेच थांबवले. आमच्या चिमणीत ते उलट्या आट्यांचे आहे आणि जोर लावला असता तर ते आणखी घट्ट बसून आटे खराब झाले असते. हे त्यांना सांगावे लागले नाही, यावरूनच हातात काम किती मुरलेले आहे ते कळले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे धुण्यासाठी वापरलेले रसायन. कॉस्टिक सोड्याने तेलकट थर झटपट सुटतो, म्हणून बरेच जण सरसकट तोच वापरतात. पण अॅल्युमिनियमला तो खातो, भाग काळवंडतो, पातळ होतो आणि या प्रक्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायूही तयार होतो. या कारागिरांनी स्टीलचे फिल्टर वेगळे ठेवले आणि अॅल्युमिनियमचा ब्लोअर गरम पाणी, भांडी घासण्याचे द्रव आणि ब्रश यांनीच धुतला. त्यात वेळ बराच गेला. मोटरला पाण्याचा थेंबही लागू दिला नाही, ती कोरड्या फडक्याने पुसली आणि सगळे भाग पूर्ण वाळल्यावरच जोडणी केली.

पाइपची तपासणी हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटला. आमचा सहा इंची पाइप माळ्यावरून जाताना मधे झोळला होता आणि त्या खोलगट भागात तेल साचले होते. वाटेतले प्रत्येक वळण आणि प्रत्येक झोळ हवेची गती कमी करतो. शिवाय कढईतल्या तापलेल्या तेलाने पेट घेतला, तर चिमणी ती ज्वाळा वर ओढून घेते आणि पाइपमधले हे तेलही पेटू शकते. अशा वेळी गॅस आणि चिमणी दोन्ही बंद करावी, कढईवर झाकण ठेवावे आणि पाणी मुळीच टाकू नये, हे थोरल्या कारागिरांनी माझ्या सासूबाईंना शांतपणे समजावून सांगितले. पाइपचे बाहेरचे तोंड पाहिले तेव्हा समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेली झडप अर्धवट उघडीच अडकली होती आणि आत कबुतरांनी काड्या भरल्या होत्या. झडप बदलून बाहेर जाळी लावली, पाइप ताणून पट्ट्यांनी बांधला, शेवटी पूर्ण वेगावर फिल्टरखाली कागद धरून ओढ तपासली. कागद चिकटून राहिला.

आमच्या चिमणीत तापवून तेल वितळवण्याची ‘ऑटो क्लीन’ सोय आहे. ती उपयोगी आहे, तथापि ती ब्लोअरच्या आसपासचाच थर सैल करते. पाइपपर्यंत तिचा प्रभाव पोहोचत नाही, आणि वितळलेल्या तेलाची वाटी आपणच रिकामी करावी लागते. ज्यांच्या चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नाही, त्यांनी त्यातला वास शोषणारा कोळशाचा फिल्टर धुवून पुन्हा वापरण्याचा प्रयत्न करू नये, तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो.

उणिवा आहेतच. पाइपच्या कामाचे पैसे वेगळे लागतील हे सुरुवातीला सांगितले नाही, पावती मागितल्यावरच मिळाली आणि केलेल्या कामाची लेखी हमी नाही. चिमणी वॉरंटीत असेल तर मी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडेच जाईन, कारण बाहेरच्या माणसाने यंत्र उघडल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मात्र वॉरंटी संपलेल्या चिमणीसाठी हेच दुकान मी शेजाऱ्यांना सुचवते. तळण नेहमीचे असेल तर वर्षातून एकदा तरी ब्लोअर आणि पाइप उघडून घ्यावा. गणपती उठल्यावर लगेच वेळ ठरवावी, कारण दिवाळीच्या फराळाची लगबग सुरू झाली की या दुकानात आठवडाभर कोणी मोकळे सापडत नाही.