११ लाखात घेतलेली ६० लाखांची गाडी, साडेतीन वर्षांनंतर

मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या एका युज्ड कार डीलरकडून मी २०११ ची जर्मन सेडान घेतली, मोठी गाडी, डिझेल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे), ७८ हजार किलोमीटर, एमएच १२ पासिंग, फर्स्ट ओनरकडून आलेली. नवी असताना ऑन रोड ६० लाखांच्या आसपास होती, मला ११ लाखात मिळाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वयाच्या आणि या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची दुखणी सारखीच असतात आणि मला सांगायचंय ते त्या दुखण्यांबद्दल. साडेतीन वर्षांत डिझेल, इन्शुरन्स आणि टायर सोडून साडेसहा लाखांच्या वर खर्च झालाय, सगळी बिलं फाइलला आहेत.

ऑफिसमधले, नात्यातले बरेच जण विचारतात की ११ लाखात छोटी नवी गाडी घेण्यापेक्षा अशी घेतली तर काय हरकत आहे. हरकत ही आहे की गाडीची किंमत उतरते पण तिच्या पार्टची उतरत नाही. गाडी आज ८ लाखांची असेल पण तिचा हेडलाइट, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स हे सगळं ६० लाखांच्या गाडीचंच आहे, आणि दरवर्षी ते थोडं महागच होतं. हा हिशोब घेताना कोणी मांडून दाखवत नाही, डीलर तर नाहीच, पण खरं म्हणजे आपणही मांडत नाही, कारण समोर लेदर सीट आणि लाकडी पट्टीचा डॅशबोर्ड असतो.

घेतल्यावर पाचव्या महिन्यात पहिला दणका बसला. सकाळी पार्किंगमध्ये गेलो तर गाडी पुढून डाव्या बाजूला बसलेली, चाक आणि मडगार्डमध्ये बोटही जाईना. स्टार्ट केली तर बराच वेळ घर्रर्र आवाज येत राहिला आणि मग हळूहळू गाडी उचलली गेली. दोन दिवस मी तसाच चालवत राहिलो, उचलली जातेय ना मग ठीक आहे असं वाटलं, आणि हेच महागात पडलं. भोसरीतल्या एका इंडिपेंडंट वर्कशॉपमध्ये नेली, तिथल्या मेस्त्रींनी लिफ्टवर घेऊन स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी सस्पेन्शनच्या रबरी बेलोवर, म्हणजे त्या हवेच्या फुग्यावर, मारलं आणि मला खाली बोलावून टॉर्च धरला. रबराच्या घडीत, जिथे ती दुमडते तिथे, बारीक बारीक बुडबुडे फुटत होते. "सर, हवा धरत नाहीये, रबराचं वय झालंय. आणि ही गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत पळतोय, तोपण गरम होऊन गेलाय." म्हणजे मूळ रोग एका रबराचा, पण दुर्लक्ष केलं की कॉम्प्रेसरही घेऊन जातो. एक बाजू बदलली की दुसरी पण त्याच वयाची, म्हणून पुढचे दोन्ही बदलले, कंपनीच्या पार्टचा भाव झेपणारा नव्हता म्हणून बाहेरचे चांगल्या मेकचे घेतले, तरी दोन स्ट्रट (फुगा आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला पार्ट) आणि कॉम्प्रेसर मिळून २ लाख ६५ हजार. मागचे अजून मूळचेच आहेत.

त्यामुळे अशी गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या रात्री ती जिथे उभी होती तिथेच, सकाळी, कोणी स्टार्ट करायच्या आत बघा. चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का ते मोजा, टेप घेऊनच जा. डीलरने गाडी आधीच चालू करून पुढे आणून ठेवली असेल तर ती उचललेलीच दिसणार. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर उद्या येतो सांगून सरळ निघा. थंड इंजिन स्टार्ट करतानाचे पहिले १० सेकंद फार महत्त्वाचे, इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखडाट तेव्हाच ऐकू येतो. काही जर्मन डिझेल इंजिनांची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते, ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, पार्टपेक्षा मजुरीच जास्त.

दुसरा मोठा खर्च पावसाने काढला आणि तो पूर्णपणे टाळता आला असता. आमच्या सोसायटीत रेन ट्री आहे, गाडी त्याच्याखाली असायची. सनरूफच्या कोपऱ्यातून बारीक नळ्या पिलरमधून खाली जातात, वर साचलेलं पाणी त्यांच्यातून बाहेर पडायला. त्या झाडाची बारीक पानं आणि माती बसून पुढची नळी तुंबली आणि जुलै २०२३ च्या पावसात पाणी आत उतरलं. आधी नुसता कुबट वास यायचा, मला वाटलं एसीचा फिल्टर. मग दोनदा बॅटरी उतरली, मग रिमोटने दार उघडेना. कार्पेट उचललं तर वरून कोरडं आणि खालचा जाड फोम पिळून काढला तर बादली अर्धी भरली! आणि त्या फोमच्याच शेजारी, सीटखाली, कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक डबा. या गाड्यांमध्ये कंट्रोल युनिट अशी सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या कोपऱ्यात बसवलेली असतात, आणि नवीन बसवलं की काम संपत नाही, त्याचं त्या गाडीसाठी कोडिंग करावं लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरने जुळवून घ्यावं लागतं. सगळं मिळून ९२ हजार गेले. आता दर मे महिन्यात ग्रास कटरची नायलॉन दोरी घालून नळ्या मोकळ्या करतो आणि वरून मगभर पाणी ओतून खाली पडतंय का बघतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निघून येतो आणि मग पाणी थेट केबिनमध्ये.

पाण्यावरून आठवलं. सप्टेंबर २०१९ ला आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर, अरण्येश्वरकडच्या गाड्यांची काय अवस्था झाली ते पुणेकरांनी पाहिलंय, आणि जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेही. अशा गाड्या वाळवून, धुऊन बाजारात येऊ शकतात, आणि दुसऱ्या शहरातल्या पुरातल्यासुद्धा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, एरवी गुंडाळलेला राहतो त्या भागावर मातीचा पट्टा असतो, तो कोणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, तिथेही माती लागते का बघा.

इन्शुरन्सचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे मी खरोखर अनभिज्ञ होतो. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, सहसा मिळत नाही. मग क्लेममध्ये प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यावर ५० टक्के घसारा कापतात आणि गाडी १० वर्षांच्या पुढची असली की लोखंडी पार्टवरही ५० टक्के. चांदणी चौकात एका बाइकवाल्याने कोपऱ्याला घासलं, हेडलाइटची काच फुटली, ती सुटी मिळत नाही, अख्खं युनिट १ लाख ३० हजारांचं, त्यातले ६५ हजार माझे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही जुन्या गाडीची आणि पार्ट नव्या भावाचे, त्यामुळे पुढून जरा जोरात ठोकली आणि एअरबॅग उघडल्या तर एरवी सहज दुरुस्त झाली असती अशी गाडीही भंगारात जाऊ शकते. आणि इंजिन, गिअरबॉक्स आपोआप बिघडला तर पॉलिसी काहीच देत नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मी वेळेवर शहाणा झालो. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑइल बदलल्याची नोंदच नव्हती, कारण बऱ्याच ठिकाणी 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं' असं सांगतात. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. मी फिल्टरसकट बदललं, ४२ हजार, ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला जो हलका झटका यायचा तो गेला. या साडेसहा लाखातलं हे एकच बिल भरताना वाईट वाटलं नाही.

स्कॅनरबद्दल एक गोष्ट, जी मला नंतर कळली. 'स्कॅन केलाय, एकही कोड नाही' असं डीलर दाखवतो, पण हे बिघाडाचे कोड विकायच्या आधी पुसता येतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या परत शून्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं, म्हणून 'रेडिनेस' बघायला सांगा, तो अपूर्ण असेल तर कोणीतरी नुकतंच पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. तुमचा मेस्त्री, तुमचा स्कॅनर, आणि टोकन द्यायच्या आधी. मी या तपासणीचे ५ हजार वाचवले होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची म्हणून सही कोणाची आहे ते बघा, आरसीवरच्या मालकाचीच हवी. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि ई-चलान आधी तपासा. दिल्लीची डिझेल गाडी फार स्वस्त दिसली तर लक्षात घ्या, तिथे १० वर्षांपुढच्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे येतात, तिथली एनओसी, इथे परत टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं तुमच्या डोक्यावर.

आता चांगलंही सांगतो, कारण ते खरं आहे. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, आधीच्या गाडीत कोल्हापूरला जायचं म्हणजे सातारा आणि कराड दोन्हीकडे थांबावं लागायचं. या गाडीत ती मागे पाय पसरून बसते आणि कराडच्या पुढे गेल्यावर विचारते सातारा गेलं का. एक्स्प्रेसवेला १०० ला आत कुजबुज ऐकू येते. असं दुसऱ्या कुठल्या ११ लाखांच्या गाडीत मला मिळालेलं नाही.

तरीही कर्ज काढून, किंवा घरातली एकमेव गाडी म्हणून ही घेऊ नका असं मी कळकळीने सांगेन. माझी एकदा सलग २३ दिवस वर्कशॉपला होती, पार्ट येईना म्हणून, घरी दुसरी गाडी होती म्हणून निभावलं. ११ ची घेताय तर ५ बाजूला ठेवलेले असू दे, आणि गाडीच्या आधी मेस्त्री शोधा.

२०२६ मध्ये माझ्या गाडीला १५ वर्षं होतील, आरसी रिन्यू करायला फिटनेस, ५ हजार फी आणि वर ग्रीन टॅक्स, ते करणार आहे. त्याआधी मागचे दोन स्ट्रट बदलावे लागतील, मेस्त्री म्हणतात अजून धरून आहेत, पण हल्ली थंडीच्या दिवसात सकाळी मागचा उजवा कोपरा एक बोट खाली दिसतो.