तीन चाकं, एक हात : सोळा महिने चालवल्यावर

दुकानातल्या पोरानं तीनचाकी सायकल दाखवताना पहिलंच सांगितलं, "काकू, ही पडतच नाही." सोळा महिन्यांत मी दोनदा पडले. तरी सायकल विकायला काढलेली नाही, रोज सकाळी चालवते. पण ती का पडते आणि कुठल्या बाजूला पडते हे विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, ते त्यानं सांगितलं नाही. म्हणून मी सांगते.

आधी माझं थोडं, कारण माणसाची कुठली बाजू गेलीय यावर या सायकलचं सगळं गणित बसतं. वय ६१. चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. डावी मूठ आवळलेली असते, हँडलवर ठेवली तर राहते, पण ब्रेक दाबणं तिला जमत नाही. घोट्याला स्प्लिंट लावून, काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालते. प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि निम्मी नोकरी सायकलवरून केली. सांगली सपाट गाव. आयर्विन पुलाकडे जाताना लागतो तेवढाच काय तो चढ. माझ्या वयाच्या कितीतरी बायका इथं सायकलवरच नोकऱ्या करून निवृत्त झाल्या.

दोन चाकांची सायकल आता होणार नव्हती. शिबिरातून मिळणारी हाताची तीनचाकी घ्या असं पुष्कळांनी सुचवलं. अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांच्या वरचा आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, कागदांची अडचण नव्हती. पण त्या गाडीला दोन हात लागतात. एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं वळवायचं. पोलिओनं पाय गेलेत पण दंड मजबूत आहेत, अशा माणसाला ती गाडी म्हणजे पायच. अर्धांगवाल्याला तिचा उपयोग नाही, कारण तिला जे लागतं नेमकं तेच आमच्याकडे अर्धं असतं. बॅटरीवाली घ्यावी असं आमच्या ह्यांचं मत होतं. मला पाय हलवायचा होता, नुसतं बसून फिरायचं नव्हतं. शेवटी मोठ्या माणसांची पायडलची तीनचाकी घेतली : पुढे एक चाक, मागे दोन, मधे जाळीची टोपली, लेडीज सायकलपेक्षाही खाली वाकलेला दांडा, एकच गिअर. बावीस हजारांना पडली. वजन साधारण अठ्ठावीस किलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं होतं, त्यामुळे घरात आलेल्या प्रत्येक जड वस्तूकडे बघून ह्यांचा एकच प्रश्न असतो : ही वर कशी न्यायची? सायकलच्या बाबतीत त्याला आजही उत्तर नाही.

पहिले दोन महिने सायकलीला माझ्याजोगं करण्यातच गेले. जशी आली तशी ती मला चालवताच येत नव्हती.

पहिली अडचण पायाची. डावा पाय पायडलवरून घसरायचा, आणि चवडा दाबला गेला की थडथडायला लागायचा. फिजिओच्या भाषेत याला क्लोनस म्हणतात. तिनंच उपाय सांगितला : चवड्यानं नको, पाऊल पुढं सरकवून तळव्याच्या मध्यानं दाबा. म्हणून डाव्या पायडलवर टाचेला मागून आधार देणारी पत्र्याची खोळ बसवली आणि वरून दोन पट्टे लावले. पट्टे आधी वेल्क्रोचे होते. पावसाळ्यात त्यात माती आणि केस अडकून ते धरेनासे झाले. मग चपला शिवणाऱ्या मामांकडून चामड्याचे, बकल लावलेले करून घेतले. एक अट मात्र पाळा : पट्टा उजव्या हातानं, न बघता, एका झटक्यात सुटला पाहिजे. घरी खुर्चीत बसून पन्नास वेळा सोडून बघा, मगच रस्त्यावर जा. स्प्लिंटही सरळसोट नको. घोटा ताठ धरला की पायडल वर येताना गुडघा बाहेर फेकला जातो. मी बिजागरीवाली करून घेतली.

तरीही गुडघा वर येताना अडायचा. यावर उपाय काढला तो सायकलवाल्या चाचांनी. आमच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्यांची 'बाई'. म्हणाले, "बाई, क्रँक लांब आहे. लहान मुलांच्या सायकलची टाकतो." क्रँक म्हणजे पायडलचा दांडा. पावणेसात इंचाची काढून सहा इंचाची बसवली आणि गुडघा सुरळीत फिरायला लागला. क्रँक आखूड झाली की जोर जास्त लागतो, म्हणून मागचा फ्रीव्हील (चेन बसते ते दातेरी चक्र) अठरा दात्यांचा काढून बावीसचा टाकला. वेग कमी झाला. मला वेग नकोच होता.

दुसरी अडचण ब्रेकची. सायकल आली तेव्हा पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्या हाताला होता. म्हणजे माझ्याकडे अर्धेच ब्रेक. दोन वायरी एकाच लिव्हरला जोडता येतात अशी लिव्हर मिळते, ती मागवून उजवीकडे बसवली. तिला दाबून अडकवायचा खटका पण आहे, उभं राहताना तो लागतो. दोन्ही वायरी सारख्या ताणत नाहीत, दर महिन्याला आवळाव्या लागतात. मागचा ब्रेक किंचित आधी लागेल असं ठेवलंय.

डाव्या हाताचं काय करायचं? सुरुवातीला मी तो हँडलला कापडी पट्टीनं बांधायची. ही चूक करू नका. पहिल्यांदा पडले तेव्हा हात बांधलेला होता आणि मनगट पंधरा दिवस सुजलं. आता पीव्हीसीचा पाइप उभा चिरून, आत फोम लावून, त्या अर्ध्या नळीत हात नुसता ठेवते. पडायची वेळ आली तर तो आपोआप वर निघतो.

आता पडण्याबद्दल. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी गटाराकडे जावं म्हणून. आपण चालतो डावीकडून. दोन चाकांची सायकल या उतारावरही सरळ उभी राहते, कारण ती स्वतःला सावरून घेते. तीनचाकीला झुकता येत नाही. रस्ता जसा कलतो तशी ती कलते, आणि तिच्यावर बसलेले आपणही. म्हणजे मी सतत डावीकडे, माझ्या न धरणाऱ्या बाजूला, थोडी कललेली. त्यात माझ्या सायकलमध्ये पायडलचा जोर मागच्या उजव्या चाकालाच जातो, डावं मोकळं फिरतं. जोरात मारलं की हँडल आणखी डावीकडे ओढतं. हे सगळं उजव्या हातानं धरून ठेवायचं. पहिल्या आठवड्यात पाय दुखले नाहीत, उजवा खांदा दुखला.

आणि उजवं वळण. कुठलीही गाडी वळताना बाहेरच्या बाजूला फेकते. उजवीकडे वळलं की बाहेरची बाजू डावी. रस्त्याचा उतारही डावीकडे आणि लुळा पाय-हातही डावीकडे. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला येतात. दुसऱ्या महिन्यात चौकात मी जरा मजेत, जुन्या सवयीनं उजवीकडे वळले आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं. धड माणसानं डावा पाय टेकवला असता. माझा पायडलला बांधलेला होता. फार वेग नव्हता, तरी आडवी झाले. भाजीवाल्यानं उचललं आणि वर समजावलं, "बाई, रिक्षा पण अशी नाही वळवत कुणी."

आता उजवीकडे वळायचं तर मी आधी थांबल्यासारखी होते, बूड सीटवर उजवीकडे सरकवते, खांदा आतल्या बाजूला टाकते आणि मग चालायच्या वेगानं वळते. दोनचाकीवर सायकल झुकवायची असते, इथं स्वतः झुकायचं. उजवी बाजू गेलेल्यांना बहुधा डावं वळण सांभाळावं लागेल. तिथं निदान रस्त्याचा उतार वळणाच्या आतल्या बाजूला असतो, म्हणजे मदतीलाच येतो. कमरेला पट्टा लावा असं एकानं सुचवलं होतं, मी लावत नाही. सायकल उलटली तर तिच्यापासून सुटता आलं पाहिजे.

दुसऱ्यांदा पडले ते घराच्या रॅम्पवर, सायकल चालू नसताना. मागचा ब्रेक बँडचा आहे : ड्रमभोवती पट्टा आवळला जातो. पुढे जाताना तो स्वतःच आणखी आवळत जातो, उलट्या दिशेला मात्र ढिला धरतो. सायकल चढाकडे तोंड करून लावली, खटका लावला, पाय आत टाकायला गेले, तर ती हळूच मागे सरकली. मी खाली बसले, एवढंच. तेव्हापासून मागच्या चाकाला अर्धी वीट लावते. वीट टोपलीतच असते, दोरी बांधून.

चढण्याची बाजूही ठरलेली आहे. उभं राहायचं धड पायावर, आत टाकायचा लुळा पाय. म्हणजे मला सायकलच्या उजवीकडून चढावं लागतं, आणि रस्त्यावर ती गाड्यांची बाजू. म्हणून चढणं-उतरणं फक्त अंगणात किंवा गल्लीत. बाहेर कुठं उतरायचंच असेल तर आधी कुणाच्या तरी फाटकात शिरते. साडी नेसून हे काहीच जमत नाही. पंजाबी ड्रेस घालते आणि ओढणी घरी ठेवते.

खड्ड्यांचं वेगळं दुखणं. दोनचाकीला एकच रेघ सांभाळायची असते, इथं तीन. पुढचं चाक चुकवलं की मागचं एक हमखास जातं. गतिरोधक तिरका घेतला तर मागची दोन चाकं एकामागून एक उडतात आणि सीट आपल्याला बाजूला फेकते. सरळ घ्यायचा, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

देखभाल म्हटली तर चाचा आणि मी आता या विषयात तयार झालोय. सगळ्यात जास्त त्रास स्पोकचा. दोनचाकी वळताना झुकते, त्यामुळे भार चाकाच्या उभ्या रेघेतच राहतो. तीनचाकीत तो आडवा येतो आणि चाक बाजूला दाबलं जातं. सहाव्या महिन्यात मागच्या डाव्या चाकाचे तीन स्पोक एका आठवड्यात तुटले. पुन्हा डावंच, अर्थात. चाचांनी दूधवाल्यांच्या सायकलीला लागतात तसले जाड स्पोक टाकून दोन्ही मागची चाकं नव्यानं विणली आणि आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढला. त्यानंतर एकही तुटलेला नाही. नवीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच महिन्यात करून घ्यावं.

चेन नेहमीच्या सायकलच्या दीडपट लांब असते आणि लवकर सैल पडते. मागच्या दोन चाकांमधला दांडा, म्हणजे आख्खा ॲक्सल, मागे सरकवून ती ताणायची असते. एका बाजूनं जास्त सरकला की सायकल तिरकी चालायला लागते, म्हणून चाचा दोन्हीकडून फुटपट्टीनं मोजतात. तेल चेनला दोन-तीन थेंबच घालावं आणि पुसून काढावं. मी एकदा हौसेनं सगळीकडे घातलं, ते बँड ब्रेकमध्ये उतरलं आणि दोन दिवस मागचा ब्रेकच नव्हता. शेवटी बँड काढून रॉकेलनं धुऊन, काचपेपर मारून बसवला.

अकराव्या महिन्यात एकदा पायडल फिरतंय, सायकल जागच्या जागी. ॲक्सल आणि चाक यांना धरून ठेवणारी एक छोटी लोखंडी चावी असते, ती कापली गेली होती. विकणाऱ्या दुकानात फोन केला तर "पूर्ण ॲक्सल सेट मागवावा लागेल, महिना लागेल" असं उत्तर मिळालं. चाचांनी तुटका तुकडा कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेला आणि संध्याकाळी नव्या दोन चाव्या घेऊन आले. ऐंशी रुपये. एक बसवली, एक टोपलीत विटेशेजारी.

पंक्चरबाबत मात्र ही सायकल गुणी. मागची चाकं आतल्या बाजूनंच धरलेली आहेत, बाहेरची बाजू मोकळी. त्यामुळे चाक न काढता टायर बाहेर ओढून ट्यूब काढता येते. बाभळीच्या काट्यांच्या आपल्या भागात हा मोठा दिलासा. हवा दर रविवारी, दोन्ही मागच्या चाकांत सारखी. डाव्यात कमी झाली की हँडल लगेच चुगली करतं.

एक गोष्ट आधीच मोजून घ्या : फाटक. सायकल एकोणतीस इंच रुंद, आमचं फाटक तीस. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. पहिल्या महिन्यात कठड्याचा गिलावा सोलून निघाला. शिवाय हिला पायडलनं मागे घेता येत नाही. उजव्या पायानं जमीन ढकलत मागे यायचं, आणि तेवढ्यात समोर रिक्षा येऊन थांबते.

शरीरात काय फरक पडला? चालणं सुधारलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, काठी सुटलेली नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या घरापर्यंत जाऊन दमले होते, आता सकाळी सहाला निघून तीन-साडेतीन किलोमीटर करते. ज्या दिवशी जास्त होतं त्या संध्याकाळी पाय अधिक ताठरतो. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये लापशीसारखी बसते, तेव्हा चार-चार दिवस जातच नाही.

सगळे बदल धरून वर आणखी साडेपाच हजार गेले, त्यात चाचांनी मजुरी किती लावली नाही ते मला माहीत आहे.

दळण आता मीच नेते. पाच किलोच, आणि डबा टोपलीत पुढच्या बाजूला, सीटला चिकटून. एकदा दहा किलो नेलं होतं, डबा मागे सरकला आणि गिरणीच्या पायरीपाशी पुढचं चाक हलकं होऊन हँडल हातात नुसतंच फिरलं. गिरणीवाला आता मी दिसले की स्वतः बाहेर येतो, डबा उचलतो आणि परत ठेवताना विचारतो, "बाई, पुढं ना?"