गुझमानियाला खत: विद्राव्य फवारणी की स्लो रिलीज गोळ्या?

गुझमानिया या अननसाच्या कुळातल्या (ब्रोमेलियाड) शोभेच्या झाडाचा लाल तुरा सुकू लागला आणि बुडाशी एक-दोन फुटवे दिसले, की हे झाड घरात ठेवणाऱ्याला खताचा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पडतो. मूळ झाड एकदाच फुलते आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मावळते, त्यामुळे यानंतर घातलेले खत मुख्यतः फुटव्यांसाठीच असते. अशा वेळी समोर दोन पर्याय येतात. एक म्हणजे पाण्यात विरघळवून फवारायचे १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के) सारखे विद्राव्य खत, आणि दुसरा म्हणजे कुंडीत एकदा टाकल्यावर तीन-चार महिने पाझरत राहणाऱ्या स्लो रिलीज गोळ्या. मी पुण्यात कोथरूडला, पूर्वेकडच्या गॅलरीत, गेली सहा वर्षे गुझमानिया आणि त्याच कुळातली एकमिया व निओरेजेलिया वाढवतो आहे. पहिली अडीच वर्षे मी गोळ्या वापरल्या, नंतर फवारणीकडे वळलो, आणि मधल्या एका हंगामात एकाच झाडाच्या दोन फुटव्यांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या.

हे झाड खाते कसे, यावर या निवडीतले बरेच काही अवलंबून आहे. घरात ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक ब्रोमेलियाड जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या उष्ण, दमट जंगलांतल्या असून तिथे त्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. आपल्या सह्याद्रीतल्या आमरींप्रमाणे (ऑर्किड) त्या फांदीचा केवळ आधार घेतात, बांडगुळासारखा तिचा रस शोषत नाहीत. मुळांचे मुख्य काम घट्ट धरून ठेवण्याचे असते आणि अन्नपाणी मोठ्या प्रमाणात पानांच्या बुडाशी तयार होणाऱ्या वाटीतून, पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांवाटे घेतले जाते. वाटीत पडलेला पालापाचोळा आणि मेलेले किडे कुजून जे काही मिळेल, त्यावर या झाडाचा जंगलातला उदरनिर्वाह चालतो. याच कुळातला अननस मात्र जमिनीत मुळे रोवून, भरपूर खत घेऊन वाढतो, म्हणून कोकणात किंवा गोव्यात अननस लावलेल्यांनी तो हिशेब गुझमानियाला लावू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

गोळ्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वर्षातून दोनदा किंवा तीनदा घातल्या की काम झाले. मोजमाप नाही, पंप धुणे नाही, आणि महिनाभर गावाला गेलो तरी झाड उपाशी राहत नाही. ज्यांच्याकडे तीस-चाळीस कुंड्या आहेत त्यांना फवारणीचा वेळापत्रकी खटाटोप परवडत नाही, हे मी समजू शकतो. मात्र पाकिटावर लिहिलेले तीन-चार महिने साधारणतः २१ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून काढलेले असतात. गोळीच्या कवचातून खत किती वेगाने बाहेर पडते हे तापमानावर ठरते, आणि पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत गॅलरीतला पारा दुपारी ३५ च्या पुढे सहज जातो. म्हणजे झाड उन्हाळ्याने आधीच बेजार झालेले असते, नेमके तेव्हाच खत जास्त सुटते.

तरीही एवढ्यावरून मी गोळ्या सोडल्या नसत्या. माझा निर्णय झाला तो एका बारीक, पण वारंवार होणाऱ्या त्रासामुळे. गुझमानियाची पाने कारंज्यासारखी चहूबाजूंनी पसरतात आणि चार-पाच इंची कुंडीचे तोंड पूर्ण झाकून टाकतात. गोळ्या कोकोपीटवर (कुंडीत भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकायच्या तर एका हाताने पाने उचलून धरावी लागतात आणि दुसऱ्या हाताने, बहुतेक वेळा न बघता, गोळ्या सोडाव्या लागतात. कितीही जपले तरी दोन-चार गोळ्या घरंगळत पानाच्या बेचक्यात जाऊन बसतात. पान पन्हाळीसारखे आतल्या बाजूला उतरते असल्याने त्यांना दुसरीकडे जायला वाटच नसते, आणि तिथे पाणी कायम साचलेले असते.

एका मार्चमध्ये अशीच एक गोळी राहून गेली. मोहरीपेक्षा थोडी मोठी, फिकट पिवळी, पानाच्या देठाकडच्या फिकट रंगात इतकी मिसळलेली की रोज झारीने पाणी घालूनही ती मला दिसली नाही. तीन आठवड्यांनी त्या जागी कवडीएवढा तपकिरी डाग पडला. त्याच्या कडेला पिवळी रेघ होती, आणि बोटाने दाबल्यावर पान ओल्या कागदासारखे मऊ लागले. आणखी आठ-दहा दिवसांत तो डाग आतल्या पानापर्यंत पोहोचला आणि शेवटी मधला कोंबच हातात आला. त्यानंतर दर वेळी गोळ्या घातल्यावर मी विजेरी आणि चिमटा घेऊन पान न् पान तपासत असे. सहा कुंड्यांना पाऊण तास लागे. ज्या खताचा सारा गुण वेळ वाचवण्यात आहे, त्यासाठी एवढा वेळ द्यावा लागणे मला पटेना. शिवाय वापरलेल्या गोळीचे कवच तसेच शिल्लक राहते, त्यामुळे कुंडीतली गोळी भरलेली आहे की रिकामी, हे बोटांत चिरडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्यांवर नव्या घालत गेलो तर एकूण किती खत झाले, याचा अंदाज उरत नाही.

विद्राव्य खतात हा प्रश्न मुळातच येत नाही. शेतीत फवारणीसाठी लिटरला काही ग्रॅम घेतात, मी अर्धा ग्रॅम घेतो. एवढे घरात तोलता येत नाही, म्हणून साध्या किचनच्या काट्यावर ५ ग्रॅम मोजून एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवतो आणि त्यातले १०० मिलिलिटर पुन्हा एक लिटर साध्या पाण्यात मिसळतो. सकाळी ऊन पानांवर येण्याआधी पाने जेमतेम ओली होतील एवढेच फवारायचे, थोडे कोकोपीटवर सोडायचे, आणि वाटीतले पाणी दर तीन-चार दिवसांनी साध्या पाण्याने बदलायचे. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्यातून एकदा, आणि थंडीत बंद. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी भरपूर पाण्याने धुऊन काढता येते, आणि हा दिलासा माझ्या दृष्टीने फार मोठा आहे. १९:१९:१९ मधला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो आणि त्यावर काही बागप्रेमी आक्षेप घेतात. तो आक्षेप आमरींच्या बाबतीत विचारात घेण्यासारखा असेलही, पण वाटीवाले ब्रोमेलियाड पानांवाटे युरिया घेऊ शकतात असे ब्राझीलमध्ये व्रीसिया या याच कुळातल्या झाडावर झालेल्या संशोधनात दिसून आले आहे, आणि मलाही त्याचा कधी त्रास जाणवलेला नाही.

फवारणीचे दोषही आहेत. पावसाळ्यात पाकीट उघडे राहिले तर खत हवेतली ओल धरते आणि त्याचा दगड होतो, म्हणून घट्ट झाकणाची बरणी हवीच. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येते तेव्हा पानांवर पांढरे ठिपके उरतात, नळाला खडकवासला धरणाचे पाणी असते तेव्हा ते जवळजवळ दिसत नाहीत. एकमियाचे रुपेरी पट्टे हे त्याचे खवलेच असल्याने ते ठिपके पुसायला जाऊ नये, पट्टेही पुसले जातात. आणि खताचे पाणी वाटीत भरून ठेवले तर तिथे शेवाळ धरते. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात हे वेगळे सांगायला नको, पालिकेचे लोक तपासणीला आले की कुंड्यांच्या बश्या आधी पाहतात.

दोन फुटव्यांची तुलना प्रामाणिकपणे सांगायची तर दहा महिन्यांनी गोळ्यांवरचा फुटवा मोठा होता, चांगला चार बोटे उंच. पण त्याची पाने लांबट आणि लेची होऊन कुंडीबाहेर लोंबत होती, आणि फवारणीवरच्या फुटव्याची पाने रुंद, आखूड, ताठ होती. घरातल्या टेबलावर मला दुसराच हवा होता. निओरेजेलियात हा फरक आणखी ठळक झाला. गोळ्यांच्या काळात तिच्या मधल्या पानांची लाली पार गेली आणि ती साधी हिरवी दिसू लागली. जास्त नत्राचा हा नेहमीचा परिणाम आहे. खत बंद करून चांगल्या उजेडात ठेवल्यावर नव्या पानांत लाली परतायला आठ महिने गेले. तिला मी आता वर्षातून दोन-तीनदाच फवारतो.

गांडूळखताचे पाणी, वर्मीवॉश वगैरे मी थोडे दिवस वापरून सोडून दिले. गाळून घेतले तरी बारीक गाळ वाटीत बसतो आणि बंद गॅलरीत वास येतो. मोकळ्या अंगणात कदाचित ते चांगले चालेल. मात्र खत कोणतेही घेतले तरी तांब्यापासून जपावे, कारण हे कुळ तांब्याच्या बाबतीत फार नाजूक आहे. तांबेयुक्त बुरशीनाशक तर लांबच राहो, तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणीसुद्धा मी या झाडांना घालत नाही.

ज्यांचे वारंवार फिरतीवर जाणे होते त्यांनी गोळ्याच घ्याव्यात, त्यात गैर काही नाही. फक्त त्या वरून टाकण्याऐवजी फुटवा लावतानाच कोकोपीट आणि सालीच्या मिश्रणात, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, कालवून घ्याव्यात, म्हणजे बेचक्यात जाण्याचा प्रश्न उरत नाही. त्या वर्षी मग वरून दुसरे काही देऊ नये. ज्यांना पंधरा दिवसांतून दहा मिनिटे काढणे शक्य आहे त्यांनी अर्ध्या ग्रॅमची फवारणी करून पाहावी असे मी सुचवेन. फुटवा आईच्या निम्म्याएवढा होईपर्यंत तिच्यापासून वेगळा करू नये आणि तोवर फवारणी दोघांवर मिळून करावी. आईची पाने सुकू लागली तरी हिरवी आहेत तोवर ती फुटव्याला पोसत असतात, म्हणून मी ती पूर्ण वाळल्याशिवाय कापत नाही.