०५ की हेन्शेल-वेगमान? जर्मन स्ट्रीमलाइन्ड गाडीचं मॉडेल निवडताना

वाफेवरच्या जर्मन स्ट्रीमलाइन्ड गाडीचं, म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून गुळगुळीत कवच चढवलेल्या गाडीचं, एकच मॉडेल घ्यायचं ठरवलं, की बहुतेकांची गाडी दोन नावांपाशी येऊन अडते. एक म्हणजे बर्लिनच्या बोर्सिग कारखान्याचं गर्द लाल ०५ इंजिन (०५ हा इंजिनाच्या प्रकाराचा क्रमांक, त्यापुढचे तीन आकडे त्या प्रकारातल्या एकेका इंजिनाचे). दुसरी जांभळ्या आणि हस्तिदंती रंगातली हेन्शेल-वेगमान गाडी, ६१ ००१ हे इंजिन जोडलेली. दोन्ही १९३५ च्या आसपासच्या. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, लिलिपुट या मॉडेल कंपनीने दोन्ही काढल्या आहेत आणि ०५ मेर्कलिन या दुसऱ्या कंपनीकडूनही आलं आहे. माझा कौल आधीच सांगून टाकतो: घरी रूळ मांडून गाडी पळवणार असाल, तर हेन्शेल-वेगमान. विक्रमी इंजिन कपाटात मानाने ठेवायचं असेल, तर ०५.

दोघांच्या जन्मामागे कारण एकच होतं. १९३३ मध्ये बर्लिन-हांबुर्ग मार्गावर ‘फ्लीगेंडर हांबुर्गर’ ही डिझेल गाडी सुरू झाली आणि वाफेची इंजिनं बांधणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. वाफही तितकीच वेगवान असू शकते हे दाखवणं त्यांना भाग होतं. बोर्सिगने उत्तर दिलं ते निव्वळ ताकदीने. ०५ ला तीन सिलिंडर, २० बार दाबाचा बॉयलर आणि २.३ मीटर व्यासाची चालक चाकं, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारी. ११ मे १९३६ ला ०५ ००२ ने हांबुर्ग-बर्लिन मार्गावर ताशी २००.४ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाने २०० ची रेषा ओलांडली तो हा दिवस. दोन वर्षांनी इंग्लंडच्या मॅलार्ड या वाफेच्या इंजिनाने हा विक्रम मोडला, तोही अगदी थोडक्या फरकाने.

कासेलच्या हेन्शेल आणि वेगमान या दोन कारखान्यांनी विचार वेगळा केला. त्यांनी इंजिन आणि चार डबे ही एकच वस्तू मानली. ६१ ००१ ला वेगळं टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, नाही; कोळसा-पाणी इंजिनावरच. चाकं इथेही २.३ मीटरची. इंजिनाचं कवच जिथे संपतं तिथून डब्यांची रेषा तशीच पुढे जाते, रंगही तेच, आणि शेवटच्या डब्याची पाठ गोलाकार. १९३६ च्या उन्हाळ्यापासून ही गाडी बर्लिन आणि ड्रेस्डेनमधलं सुमारे १७६ किलोमीटर अंतर साधारण १०० मिनिटांत कापू लागली.

मॉडेल घेणाऱ्यासाठी सगळ्यात मोठा फरक मला इथेच दिसतो. स्ट्रीमलाइन्ड हा गुण अख्ख्या गाडीचा असतो, एकट्या इंजिनाचा नव्हे. ०५ च्या मागे रोजच्या सेवेत नेहमीचे एक्स्प्रेस डबे लागायचे. त्यामुळे मॉडेलमध्येही पुढे चकाकतं लाल इंजिन आणि मागे साधे हिरवे डबे असं चित्र तयार होतं. ते इतिहासाला धरून आहे, पण डोळा इंजिनावरून डब्यांकडे सरकला की रेषा तुटते. शिवाय ते डबे वेगळे शोधा, त्याच काळातले निवडा, त्यांचे पैसे वेगळे मोजा. हेन्शेल-वेगमानचा पूर्ण संच घेतलात की गाडी पुरी झाली, आणखी काही जोडायला नको. मात्र तो संच फोडून विकणारेही असतात. चारही डबे नसतील तर त्यात हात घालू नका. एक हरवलेला डबा सुटा मिळवणं फार जिकिरीचं.

आता जागेचा प्रश्न. ०५ टेंडरसकट सव्वीस मीटरच्या वर लांब होतं, म्हणजे एचओत तीस सेंटिमीटर. ६१ ००१ एचओत जेमतेम एकवीस सेंटिमीटर. मेर्कलिनच्या नेहमीच्या घट्ट वळणाची त्रिज्या ३६० मिलिमीटर. एवढं लांब इंजिन त्यावरून जातं तेव्हा त्याचं नाक आणि पाठ रुळाबाहेर लटकतात. चाकं झाकणाऱ्या पत्र्यामागे इंजिनाच्या पुढच्या-मागच्या छोट्या चाकांच्या जोड्यांना वळायला जागा हवी, म्हणून मॉडेलवाल्यांना तो पत्रा कुठेतरी कापावा लागतो किंवा चाकं आत सरकवावी लागतात. ०५ मध्ये ही तडजोड जास्त डोळ्यात येते.

वेगाचं गणितही करून पाहा. ताशी २०० किलोमीटर भागिले ८७, म्हणजे सेकंदाला सुमारे चौसष्ट सेंटिमीटर. ३६० मिलिमीटर त्रिज्येचा वर्तुळाकार रूळ सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. विक्रमी ०५ त्यावर साडेतीन सेकंदांत फेरी पुरी करेल! ते पाहण्यात ना शान ना मजा. ०५ ला लांब सरळ रूळ हवा, आणि तो आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात मिळणं कठीण. हेन्शेल-वेगमानचा बर्लिन-ड्रेस्डेन सरासरी वेग याच हिशोबाने सेकंदाला चौतीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. जेवणाच्या टेबलाएवढ्या मांडणीतही ती शोभते. छोट्या गाड्या धावताना डोळ्याला काय वेग भावतो हे आधी बघायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एक चक्कर मारा.

एक गोष्ट दोघांबद्दल सांगतो. दांडे आणि चाकांची लगबग ज्यांना आवडते, त्यांना या दोन्ही गाड्यांत ती फारशी दिसणार नाही. कवचाखाली सगळं झाकलेलं. कुठे उघड्या चाकांचं काळं ०५ दिसलं, तर ते युद्धानंतर कवच उतरवलेलं रूप आहे. सुंदर आहे, पण तुम्ही शोधताय ते हे नव्हे.

कपाटाच्या बाजूने ०५ चं पारडं जड का, तर खरं ०५ ००१ न्यूर्नबर्गच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मॉडेल त्याच्याशी ताडून पाहता येतं. हेन्शेल-वेगमानची अख्खी गाडी मात्र कुठेच उरलेली नाही. ६१ ००१ १९५० च्या दशकात भंगारात गेलं. नंतर बांधलेल्या ६१ ००२ चे भाग १८ २०१ या इंजिनात जिवंत आहेत. ती गाडी गाडी म्हणून बघायची तर मॉडेलशिवाय वाट नाही, आणि माझं मन तिच्याकडे झुकतं ते यामुळेही.

हा काळ नाझी राजवटीचा होता, हे विसरून चालणार नाही. विक्रमी धावांचा वापर प्रचारासाठी झाला. नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापरावर जर्मन कायद्याने बंदी आहे, म्हणून मॉडेलवरच्या गरुडाखाली नाझी स्वस्तिक नसतं. कोणी ते ‘अस्सल’ म्हणून वेगळं चिकटवून विकत असेल, तर तिथून निघून यावं.

विजेचं थोडक्यात. मेर्कलिनच्या पद्धतीत इंजिनाला वीज दोन रुळांच्या मधल्या संपर्कबिंदूंतून मिळते, बाकी बहुतेकांच्या पद्धतीत ती दोन रुळांतूनच येते. मेर्कलिनची चाकं इन्सुलेटेड नसल्याने ती गाडी दोन रुळांवर ठेवली तर शॉर्ट सर्किट होतं. म्हणून आधी रूळ ठरवा, मग गाडी. जर्मनीतही आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर चालतो; फक्त प्लगसाठी अ‍ॅडॅप्टर लागेल. पार्सलवरचं सीमाशुल्क किमतीत आधीच धरा.

जुना माल घेत असाल तर विक्रेत्याकडून इंजिनाच्या पोटाचे, चाकांचे आणि खोक्याचे स्पष्ट फोटो मागवा. युद्धाआधीच्या ओतीव जस्तात अशुद्ध धातू मिसळलेले असले, की ते आतून फुगतं, तडकतं आणि शेवटी भुगा होतं. त्यावर इलाज नाही. चाकांवरची रबरी कडी सुकलेली असली तर ती बदलता येतात, घट्ट झालेलं तेल साफ करता येतं, त्यासाठी किंमत थोडी पाडून घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यात मूळ खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. संग्राहकांच्या बाजारात त्या खोक्यालाही मोल आहे, आणि बुरशी सगळ्यात आधी पुठ्ठ्यालाच लागते.