मक्यातल्या लष्करी अळीपेक्षा गाडीवाले ‘साहेब’ महागात पडले

सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात मका करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मका गुडघ्याला लागला की आमच्याकडे गाड्या फिरायला लागतात. या खरिपात आमच्या बांधावर आली तिच्यावर ‘मोफत कीड सर्वेक्षण’ असा फलक होता. उतरलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर. कृषी विभागाचा आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. गावाने आपोआप ‘साहेब’ करून टाकलं.

संध्याकाळी त्याने फुकटात कामगंध सापळे लावले, म्हणजे मादीच्या वासाने अळीचे नर पतंग पकडणारे. सकाळी पिशव्या पतंगांनी भरलेल्या. “काका, आठ दिवसांत अळी रान फस्त करेल,” म्हणत त्याने पोंग्यातली, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतली अळी काढली आणि पेल्यातल्या औषधात टाकली. अळी जागेवर गार. पाणी न मिसळलेल्या कुठल्याही औषधात बुडवलेली अळी मरतेच, साबणाच्या घट्ट पाण्यातसुद्धा. पण बांधावर तमाशा झकास होतो.

बाटली १,२०० रुपयांची, एकरी दोन. लेबलवर हिरवं पान, ‘१०० टक्के जैविक’, आणि अळीपासून बुरशीपर्यंत सगळ्यावर चालतं असा दावा. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटीचा भुर्दंड तुम्हालाच” असं सांगून साध्या चिठ्ठीवर आकडा खरडून दिला.

फवारल्यावर पिकाला काळोखी आली. अळी मात्र तशीच. फोन केला की एकच उत्तर: “जैविक आहे, हळू काम करतं, दुसरं काही मारू नका.” खरा घात इथे झाला. पानावर पांढरे, कागदासारखे चट्टे दिसतात तेव्हा अळी लहान असते आणि औषधाला लगेच बळी पडते. पुढे ती पोंग्यात खोल शिरते, वर भुश्यासारख्या विष्ठेचं बूच बसतं आणि फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय सगळ्यात जास्त ती शेवटच्या अवस्थांमध्येच खाते. त्या माणसाने पैसे नेलेच, पण अळी लहान असतानाचे दिवसही नेले.

नंतर कृषी सहायक आले. सापळ्यातले पतंग हातात चुरा होत होते, म्हणजे बरेच जुने; गाडीतूनच आले असणार. सापळ्यातली वासाची गोळी तर हरभऱ्यावर पडणाऱ्या घाटेअळीची निघाली. लष्करी अळीची गोळी वेगळी असते. आणि सापळा भरला म्हणून लगेच औषध मारायचं नसतं, तो फक्त सावध करतो. शेतात पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघायची. मका लहान असताना शंभरात पाच झाडांवर प्रादुर्भाव दिसला की निंबोळी अर्क ५ टक्के, आणि मका वाढल्यावर दहा-वीस झाडांवर गेला की क्लोरॅंट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे कीटकनाशक, लिटरभर पाण्याला ०.४ मिली, थेट पोंग्यात. अळी ओळखायची खूण म्हणजे डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. २०१८ मध्ये ही अळी कर्नाटकातून इकडे आली, तेव्हापासून दर हंगामात हा धंदा जोरात आहे.

तक्रारीचंही सांगतो. कीटकनाशक कायद्याप्रमाणे लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपल्याची तारीख लागते. आमच्या बाटलीवर नोंदणी क्रमांकच नव्हता. पंचायत समितीतल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, पण फोडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही, आणि चिठ्ठीवर दुकानाचं नावही नाही, शिक्काही नाही. शेजाऱ्याकडे एक सीलबंद बाटली निघाली, ती आणि गाडीचा मोबाईलवर काढलेला फोटो आता अर्जासोबत दिलाय. तुमच्याकडे असा माल आलेला असेल तर एक बाटली न फोडता ठेवा, आणि ज्याने दिला त्याचा परवाना क्रमांक विचारा.

त्याचा नंबर बंद आहे. पलीकडच्या तालुक्यात तशीच गाडी फिरतेय असं पाहुण्यांकडून कळलं. तिकडे लेबल निळं आहे आणि बाटली १,४०० ला.