आधी कोणाचा संग्रह घ्यावा: ऑटो डिक्स की रोनाल्ड सर्ल?

पैसे एकाच जाड चित्रसंग्रहापुरते आणि मनात नावं दोन, जर्मन चित्रकार डिक्स आणि इंग्रज चित्रकार सर्ल, हा पेच काही वर्षांपूर्वी मलाही पडला होता. दोघांना चित्रं काढायला म्हणून आघाडीवर कोणी धाडलं नव्हतं. दोघेही साधे शिपाई म्हणून गेले आणि जे भोगलं ते कागदावर आणलं.

डिक्स पहिल्या महायुद्धात स्वतःहून भरती झाला, मशीनगन तुकडीत राहिला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. त्याचा ‘युद्ध’ हा ५० एचिंगचा (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा कोरून छापलेल्या चित्रांचा) संच १९२४ चा. हात किती तयार, हे मी सांगायला नको. ॲसिडने पत्रा असा खाल्लाय की कागदावरचं मांस खरंच सडतंय असं वाटतं. खंदकात सांगाड्याशेजारी बसून जेवणाऱ्या शिपायाचं पान उलटायला मला बराच वेळ लागला. काही चित्रांच्या नावात जागा आणि काळही दिलाय: ‘जखमी, शरद १९१६, बापोम’. साक्ष नोंदवावी तसं.

मी अडखळलो ते पुढे. हा संच करायच्या सुमारास डिक्सने इटलीतल्या पालेर्मोच्या भुयारांतल्या ममी समोर ठेवून रेखाटल्या होत्या, असं वाचनात आलं. तेव्हापासून संचातली कवटी दिसली की मनात येतं, ही सोमची की पालेर्मोची? यात त्याचा दोष नाही. युद्धानंतर कित्येक वर्षं आपण स्वप्नात पडक्या घरांतून सरपटत जात असू, असं त्यानेच सांगितलंय. आठवणही साक्षच असते, हे मला पटतं. तरी पान उलटताना ती शंका जात नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

सर्लच्या चित्रांपुढे हा प्रश्नच पडत नाही. ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्स या अभियंता दलातला हा विशीतला पोरगा दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला. (त्याच शरणागतीत पकडलेल्या हिंदी सैनिकांतून पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली.) आधी चांगीचा कैदी तळ, मग १९४३ मध्ये जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचं काम. मलेरियाने खंगलेला असतानाही मिळेल त्या कागदावर तो चोरून रेखाटत राहिला. सापडला असता तर जिवावर बेतलं असतं. म्हणून कागद लपवले ते कॉलऱ्याने मरणाऱ्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली, कारण तिथे हात घालायची पहारेकऱ्यांची छाती नव्हती. अशी सुमारे ३०० चित्रं वाचली. आज ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत.

काही चित्रं कच्ची आहेत, हे कबूल. रेघ घाईची, कागद डागाळलेला, कुठे चेहरा अर्धाच. पण ज्याच्या अंथरुणाखाली आधीचे कागद दडवलेत असा माणूस समोर मरतोय आणि हा त्याचंच चित्र काढतोय, असंही कधी घडलं असेल, हा विचार एकदा मनात आला की रेघेची सफाई मी तरी शोधत नाही.

तुम्ही स्वतः एचिंग करत असाल, किंवा युद्धाने माणसाच्या डोक्यात पुढे वर्षानुवर्षं काय होतं हे बघायचं असेल, तर डिक्सच घ्या. कदाचित तुम्हाला पालेर्मो आड येणारही नाही. पण त्या दिवशी, त्या जागी काय दिसलं हे हवं असेल, तर मी सर्ल सुचवेन. माझ्या कपाटात तोच आहे. डिक्ससाठी मी अजून ग्रंथालयात जातो.