कागदी पेलेट्स: शुगर ग्लायडरच्या ट्रेसाठी चांगले, पण वासावर पूर्ण उतारा नाही

सांगलीच्या पेट शॉपमध्ये मांजरांसाठी ठेवलेले रद्दी कागदाचे पेलेट्स (दाबून केलेल्या छोट्या कांड्या) शुगर ग्लायडरच्या, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात त्या हवेत तरंगत झेपावणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या, ट्रेलाही चालतात. लघवी छान शोषतात, धूळ कमी. देवदार किंवा पाइनच्या कच्च्या भुशाचा उग्र वास श्वासाला बाधतो, ती भानगड इथे नाही. जाळीखालच्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरचा थर पुरे. ओले झाले की फुगून भुगा होतो. तेवढा कोपरा रोज उचलायचा, बाकीचं आठवड्याला. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांतच सगळं बदला, नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.

नराचा वास मात्र याने जाणार नाही. त्याच्या कपाळावर टक्कल पडल्यासारखी जागा दिसते ना, ती गंधग्रंथी, दुसरी छातीवर. त्याला नसबंदी हाच खरा उपाय, तीही एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडच्या वेगळ्या पाळीव प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडून. काही आठवड्यांत वास बराच उतरतो.

पिंजरा आणि झोपायची पिशवी एकाच दिवशी धुऊ नका. स्वतःचा वास साफ गेला की गडी नव्या जोमाने वासाच्या खुणा करत सुटतो. फ्लीसची पिशवी बिनवासाच्या डिटर्जंटमध्ये, सॉफ्टनर न घालता धुवा. जाळीला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, मग साध्या पाण्याचा हात, मग कडक वाळवणं. फिनेल, धूप, रूम फ्रेशनर अजिबात नको. ग्लायडरला अंघोळ तर नकोच नको!

पेलेट्सना पाचपैकी चार. एक गुण कापला तो पाकिटाचा: एकदा फोडलं की बंद होत नाही, उरलेला माल हवाबंद डब्यात भरावा लागतो.